बिनफोडणीचं वरण

वैशाली नगर, भिलाई
३ मार्च २०२४

सौ. मैनाबाई यांना,

विजयाचा नमस्कार. मी सुमेधची आई, म्हणजे तुमची विहीण. लग्न कोर्टात झालं, तुमच्याकडून कोणी आलं नाही, त्यामुळे आपल्याला एकमेकींवर रुसायचीही संधी मिळाली नाही. पण पोरांनी सह्या केल्या त्या दिवशी आपण विहिणी झालो, आता त्याला इलाज नाही.

कळवायचं ते हे की तुमच्या दामिनीला गेल्या महिन्यात मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. बाळ गव्हाच्या रंगाचं आहे आणि कान तुमच्या घरचे असावेत, कारण आमच्याकडे एवढे मोठे कान कोणाचेच नाहीत.

फोन केला होता. दामिनीच्या वडिलांनी, केवलरामजींनी, माझं पूर्ण नाव ऐकून घेतलं आणि मग राँग नंबर म्हणून ठेवून दिला. त्यानंतर तो लागतच नाही. तुमच्याकडे वेगळा फोन नाही आणि तुम्हाला वाचता येत नाही, हे दामिनीने सांगितलं. म्हणजे हे पत्र केवलरामजीच वाचून दाखवत असणार. केवलरामजी, तुम्हालाही नमस्कार. थांबू नका, पुढे वाचा.

पत्र आणणारी अंजनाबाई आमच्या गल्लीत भाजी विकते. ती तुमच्याच उतई गावची निघाली, म्हणून ही सोय झाली.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, अशी आपली रीत. तुम्ही बोलावलं नाही, मी केलं. त्याबद्दल तक्रार नाही. म्हणजे आहे, पण आज लिहीत नाही. आज फक्त एक विचारायचं आहे. दामिनीला खायला काय आवडतं? डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, मेथी-गूळ केला. ताट जसं नेते तसं परत येतं. विचारलं तर म्हणते, काहीही चालेल आई. स्वतःहून ती काहीच मागत नाही.

एवढं कळवावं.

विजया


९ मार्च

विहीणबाई,

अंजनाबाईले विचारलं, पत्र दिलं का? म्हणाली, दिलं. काकांनी ओसरीवर बसून वाचलं, काकूले ऐकवलं, अन् घडी करून खिशात ठेवलं. उत्तर काही नाही. बरं. मी स्टील प्लांटच्या ऑफिसात सारी नोकरी क्लार्कची केली. उत्तर आलं नाही की स्मरणपत्र कसं धाडतात ते मले कोणी शिकवायची गरज नाही.

मागचं पत्र शुद्ध लिहिलं होतं, परक्या माणसाले लिहितात तसं. त्यानं काही फायदा झाला नाही. आता घरात बोलतो तसंच लिहिते.

अन् मागच्या वेळी सुखरूप लिहिलं ते अर्धंच होतं. नववा महिना चालू असताना दामिनीले माता निघाली. समोरच्या घरातल्या लेकराले निघाली होती, तिथून आली की कुठून आली, देवीच जाणे. आमच्या यांच्या भाषेत चिकनपॉक्स, व्हायरस. माझ्या भाषेत माता. मी दोन्ही मानलं. दवाखान्यातही नेलं अन् दाराले कडुलिंबाचा डहाळाही बांधला. घरातली फोडणी बंद केली. माता असलेल्या घरात तेल कडकडवायचं नसते, हे तुमाले काय सांगायचं. तेव्हापासून आमी बिनफोडणीचं वरण खाऊन राहिलो, अन् आमचे हे रोज ताटाकडे पाहून एक उसासा टाकतात.

अंगभर फोड असतानाच कळा सुरू झाल्या. बाळ झालं. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी जन्मलेल्या बाळाले हा आजार फार जड जाऊ शकतो. म्हणून बाळाले सुई टोचली अन् आईपासून वेगळं ठेवलं. दामिनीनं आपल्या पोरीले पहिल्यांदा पाहिलं ते काचेतून. फोड वाळून खपल्या धरल्या, धोका टळला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता घ्या जवळ. बाळाले एकही फोड आला नाही. तब्येत ठणठणीत आहे.

आता खरं ऐका. बाळ जवळ दिलं, पण तिनं घेतलं नाही. आजपर्यंत घेतलं नाही. दूध काढून वाटीत देते, मी चमच्यानं पाजते, ती दारात उभी राहून पाहते. बाळ रडलं की आत जाऊन हात धुते. इतके धुते की बोटांची सालं निघाली. डोळ्याले डोळा लागत नाही तिचा. कधी भिंतीकडे पाहत बसते अन् गालावरून पाणी वाहून राहते, ते तिचं तिलेही माहीत नसते.

कॉलनीतल्या बायका बाळ पाहायले येतात. दामिनीच्या तोंडावरचे डाग पाहतात, तिचं गप्प बसणं पाहतात, अन् तिच्या पाया पडून जातात. अंजनाबाई भाजीची टोपली खाली ठेवून हात जोडते अन् मले म्हणते, "माता अभी नइ गे हे, दाई." माता अजून गेली नाही, हेच मीही धरून बसली होती. दामिनी रडली तर देवी रडून राहिली. जेवली नाही तर देवीचा उपास. तिले कोणी रागावलं नाही की कोणी कुशीत घेतलं नाही. देवीले कोण कुशीत घेते? ती मूर्तीसारखी बसून राहिली अन् आमी तिच्याभवती हळू आवाजात बोलत राहिलो.

आता मले वाटते की हे देवीचं काम नाही. ती तुमची पोरगी आहे अन् तिले काहीतरी होऊन राहिलं आहे.

तुमाले येता येत नसेल तर निदान सांगा, लहानपणी ती अशी कधी बसली होती का?

विजया


१५ मार्च

विहीणबाई,

उत्तराची वाट पाहणं सोडलं. तरी लिहिते.

त्या दिवशी दुपारी मी बाळाले पायावर घेऊन तेल लावत होती. दामिनी नेहमीसारखी दाराशी. तिथूनच म्हणाली, अगदी भाजी काय करायची विचारावं तशा आवाजात, "आई, मीच नसली तर हिले काही धोका राहणार नाही ना."

माझे हात थांबले. मी काही घाबरट बाई नाही. पण विहीणबाई, मी घाबरली. केवलरामजी, इथे थांबायचं नाही, हे पूर्ण वाचायचं आहे.

मी तेलाच्या हातानंच उठली. यांना म्हटलं, गाडी काढा. पद्मनाभपूरले मनाच्या आजाराच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, तिकडे जायचं. हे म्हणाले, अगं, वेड्याच्या डॉक्टरकडे? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक काय म्हणतील ते मी लोकाइलेच विचारून सांगते, तुम्ही आधी गाडी काढा. माझ्या यांना तुम्ही ओळखत नाही. रेल मिलमध्ये मोठे साहेब होते, शंभर माणसं चळचळ कापायची म्हणतात. घरात मात्र वेळेवर ऐकतात, एवढा गुण आहे. निमूट गाडी काढली.

डॉक्टरीणबाई वयानं दामिनीएवढ्याच असतील. त्यांनी आमाले सगळ्यांले बाहेर बसवलं अन् दामिनीशी एकटीशी बोलल्या. मग आमाले आत घेतलं. म्हणाल्या, हा आजार आहे. बाळंतपणानंतर पुष्कळ बायांले होतो, कोणी सांगत नाही म्हणून कळत नाही. त्यात हिले गरोदरपणात इन्फेक्शन झालं, बाळाले आपल्यापासून धोका आहे असं ऐकावं लागलं, बाळ दूर ठेवावं लागलं. ती भीती मनात घट्ट बसली अन् अंगातला आजार गेला तरी उठली नाही. ती वाईट आई नाही, देवी नाही, वेडीही नाही. गोळी दिली, अंगावर पाजणाऱ्या आईले चालते अशी. दर आठवड्याले बोलायले बोलावलं. अन् सांगतलं की हिले आता एकटं ठेवायचं नाही, जीव नकोसा वाटल्याचं पुन्हा बोलली तर तडक घेऊन यायचं.

म्हणून आता घरात कोणीतरी सतत तिच्याजवळ असते. सुमेधनं प्लांटमध्ये शिफ्ट बदलून घेतली. हे पेपर घेऊन तिच्या खोलीत बसतात अन् बातम्या मोठ्यानं वाचतात. तिले त्यातलं काही ऐकायचं नसते, पण ती यांना उठ म्हणत नाही.

अन् आज सकाळी तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं. म्हणाली, "बासी मिळेल का?"

मले आधी कळलंच नाही. सुमेधनं समजावलं की तुमच्याकडे रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी दह्याशी खातात. बाळंतिणीले शिळा भात! माझी आई असती तर तिनं मले घराबाहेर काढलं असतं. पण मी केला. रात्रीचा होताच, पाणी घातलं, दही घातलं, कांदा चिरला, मीठ टाकलं. तिनं एक घास खाल्ला अन् ताट सरकवून म्हणाली, आईची अशी नसते.

मले राग आला नाही. म्हणजे आला. स्वयंपाकघरात जाऊन एक-दोन भांडी जोरात ठेवली. मग वाटलं, इतक्या दिवसांत पोरीनं एक तरी गोष्ट मनापासून सांगतली, ती माझ्या हातच्या खाण्याले नाव ठेवण्याची का असेना.

तर सांगा, तुम्ही बासीत काय टाकता? जमलं तर येऊन करून दाखवा. मले माहीत आहे की केवलरामजीनं साकोलीकडच्या घराले तिच्या लग्नाचा शब्द दिला होता, अन् पोरीनं तो मोडला, अन् तेव्हापासून घरात तिचं नाव घेत नाहीत. माझ्याकडून नाव घेऊ नका. नाव न घेताच या.

विजया


१९ मार्च

विहीणबाई,

डबा मिळाला. अंजनाबाईच्या टोपलीत वांग्यांखाली कपड्यात बांधलेला. बासी, वरून टमाट्याची पाट्यावरची चटणी. निरोप काही नाही. निरोपाची गरजही नव्हती.

दामिनीनं झाकण उघडलं अन् नुसता वास घेत बसली. मग रडली. हे रडणं मागच्यासारखं नव्हतं, आवाज करून रडली, लहान पोरीसारखी नाक ओढत. मग हातानं खाल्लं, डबा निपटून. म्हणाली, आईनं मडक्यात ठेवली होती. मी स्टीलच्या पातेल्यात ठेवली होती. आता सारा जन्म पोलादाच्या कारखान्यात गेलेल्या माणसाले मातीचं मडकं कुठून सुचणार?

डबा धुऊन परत धाडते. आत थोडे डिंकाचे लाडू आहेत. तुमची पोरगी खात नाही, तुम्ही तरी खा.

विजया


१९ मार्च

केवलरामजी,

हे दुसरं पाकीट तुमच्यासाठी आहे. मोठ्यानं वाचू नका.

मैनाबाईनं डबा देताना अंजनाबाईले विचारलं म्हणे, पोरगी बाळाले पाजते ना बरोबर? दूध पुरते ना? तेव्हा मले कळलं की तुम्ही त्यांना अर्धंच वाचून दाखवता. बासीचं वाचलं, त्याच्या आधीचं गाळलं. मले लई राग आला होता. पण अंजनाबाई म्हणाली, काका वाचता वाचता थांबतात, चष्मा काढून पुसतात, मग म्हणतात, बाकी काही विशेष नाही. तेव्हा राग गेला.

मी अंजनाबाईच्या तोंडून मैनाबाईले सारं कळवू शकली असती. नाही कळवलं. पोरीचं असलं काही आईले भाजीवालीकडून कळू नये. ते तुम्हीच सांगायले पायजे.

आता एक गोष्ट सांगते. ती तुमालेही माहीत आहे, पण तुमाले एकाच बाजूनं माहीत आहे.

बासी खाल्ल्यावर दामिनी माझ्याजवळ बसली अन् बोलायले लागली. तुम्ही प्लांटमध्ये क्रेनवर होता अन् सेक्टरच्या क्वार्टरमध्ये राहत होता तेव्हाचं. तिच्या धाकट्या भावाले, गोलूले, माता निघाली. तुम्ही त्याच सकाळी दामिनीले सायकलच्या दांडीवर बसवलं अन् उतईले तुमच्या बहिणीकडे, गयाबाईकडे, नेऊन ठेवलं. तिले काही सांगतलं नाही. लहान पोरीले काय सांगायचं? पण ती रोज संध्याकाळी गयाबाईच्या ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत राहायची. तिले वाटलं होतं, बाबांनी मले देऊन टाकलं. मग एका दिवशी घंटी वाजली. तुम्ही सायकलवरून उतरलासुद्धा नाही, एक पाय जमिनीवर टेकवला अन् म्हणाला, "चल बेटी, माता गेली. आता घरी चल." ती म्हणते, त्या दिवशी मी इतकी धावली की चप्पल ओट्याखालीच राहिली.

लहानपणी नाही निघाली म्हणून तिले ही आता निघाली, असं डॉक्टर म्हणतात. मी तुमाले दोष देऊन नाही राहिली. तीही नाही देत. कोणता बाप धडधाकट पोरगी आजाऱ्याजवळ ठेवेल? मी असती तर मीही हेच केलं असतं. पण मी तिले विचारलं की तू पोरीले काऊन जवळ घेत नाहीस, तर ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते:

"ज्याच्यावर माया असते त्याले दूर ठेवायचं असते, आई. बाबांनी मले तसंच ठेवलं होतं."

अन् थोड्या वेळानं म्हणाली, "पण बाबा घ्यायले आले होते."

केवलरामजी, डॉक्टरीणबाई तिले सांगतात की आता धोका नाही. सुमेध सांगतो. मी दिवसातून किती वेळा सांगते ते मोजतही नाही. तिले पटते, पण विश्वास बसत नाही. ते सांगण्याचा मान आमचा नाही. तिच्या घरात माता गेली हे कोण सांगत होतं, ते तुमाले माहीत आहे.

मातेले निरोप द्यायचा विधी आमच्याकडून राहून गेला. दवाखान्यातून सुट्टी झाली की झालं, असं मी समजली. डॉक्टरीणबाईले विचारलं, आता केला तर चालेल का? म्हणाल्या, करा की, पण गोळी सोडायची नाही अन् तिले एकटं ठेवायचं नाही. गोळी मी सोडू देणार नाही, ते माझ्याकडे लागलं.

तुम्ही मैनाबाईले घेऊन या. राग सोडून या असं मी म्हणत नाही. राग घेऊनच या. दारात चपलांजवळ काढून ठेवा, जाताना वाटला तर परत घालून जा.

विजया


९ एप्रिल, पाडवा

मैनाबाई,

आज गुढीले नवा कडुलिंब बांधला अन् दाराचा वाळलेला डहाळा काढला. घरात आमी दोघंच. दामिनी अन् बाळ तुमच्याकडे, सुमेध ड्युटीवर. बाळाची दुपटी वाळत आहेत, ती तुम्ही विसरून गेल्या.

तुम्ही येऊन गेल्या त्या दिवशी तुमाले एक गोष्ट दिसली नाही. तुम्ही स्वयंपाकघरात मडकं ठेवायले जागा शोधून राहिल्या होत्या अन् माझ्या ओट्याले नावं ठेवून राहिल्या होत्या. ठेवा, हक्क आहे. पण त्या वेळी खोलीत काय झालं ते मी पाहिलं, अन् केवलरामजी ते तुमाले सांगणार नाहीत. आता त्यांनाच ते मोठ्यानं वाचायचं आहे. केवलरामजी, एक शब्द गाळला तर मले कळेल. दामिनी तिथेच बसली आहे.

ते दामिनीच्या खोलीच्या दारात गेले. आत नाही गेले. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. मी बाळाले घेऊन पलंगाजवळ होती. दामिनी खिडकीशी बसली होती. तिनं वळून पाहिलं अन् पाहतच राहिली. मले वाटलं, आता केवलरामजी काहीतरी बोलतील, इतक्या दिवसांचं, शब्द मोडल्याचं. पण ते म्हणाले,

"चल बेटी, माता गेली. आता घरी चल."

ती म्हणाली, "खरंच गेली, बाबा?"

"मी स्वतः पोचवून आलो. आपल्या शीतला मातेच्या पारापर्यंत. दही-भात ठेवला, हात जोडले, अन् सांगतलं की आता माझ्या पोरीकडे नको येऊ. पाहून आलो मी, ती गेली."

मैनाबाई, ते पोचवून आले की नाही, मले माहीत नाही. तुमाले माहीत असेल. मले विचारायचंही नाही.

मग ते आत आले अन् माझ्या हातातून बाळ घेतलं. साऱ्या जन्मात क्रेननं टनावारी लोखंड उचललेला माणूस, पण बाळाच्या मानेखाली हात कसा द्यायचा तेही विसरले होते, मी सांगतलं. त्यांनी बाळ दामिनीच्या मांडीवर ठेवलं. तिनं दोन्ही हात वर धरले होते, शिवले तर भाजेल असे. बाळानं पाय झाडले. दामिनी आधी बापाकडे पाहत होती, मग बाळाकडे पाहायले लागली. मग तिचे हात हळूच खाली आले. आधी बाळाच्या पायावर.

अन् पोरगी माझ्याकडे वळून रागानं म्हणते काय, "हिचे पाय गार पडले आहेत. कोणी मोजे नाही घातले का माझ्या पोट्टीले?"

माझी पोट्टी म्हणाली. इतके दिवस ती बाळाले नुसतं "ही" नाहीतर "ती" म्हणत होती. मी मोजे आणायले आत गेली ते यासाठी की मले रडायचं होतं. सून सासूले रागावते तेव्हा सासूले इतका आनंद होतो, हे मी कोणाले सांगितलं तर कॉलनीतल्या बायका माझ्याच पाया पडतील.

मग तुम्ही तिले कडुलिंब-हळदीच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, तुमच्या मडक्यातली बासी मातेच्या नावानं काढली, बाकीची तिले भरवली. ते सगळं तुम्ही केलं, त्यात मी नाक नाही खुपसलं. माझ्या स्वभावाले ते किती जड गेलं ते आमच्या यांना विचारा.

आता कामाचं ऐका. त्या दिवसानं सारं नीट झालं असं समजू नका. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती पुन्हा रडली होती, हात पुन्हा धूत बसली होती. पण हात पुसून बाळाले घेतलं, अंगावर पाजलं. डॉक्टरीणबाईले सांगतलं तर म्हणाल्या, असंच जाते हे, दोन पावलं पुढे, एक मागे, पण दिशा बरोबर आहे. म्हणूनच तुम्ही दुसऱ्यांदा घ्यायले आल्या तेव्हा मी तिले उतईले धाडलं. चार दिवस आईजवळ राहून येऊ दे, त्याही म्हणाल्या. गोळी सकाळी नाश्ता झाल्यावर, रोज. ती हसली-बोलली म्हणून बंद करू नका. काही महिने चालणार आहे. कोणी म्हटलं, बाळंतिणीले कशाले गोळ्या, तर त्याले माझा पत्ता द्या. तिच्यासोबत कोणीतरी असू द्या. पद्मनाभपूरले जायच्या दिवशी सुमेध घ्यायले येईल. अन् तिले पुन्हा तसलं काही बोलताना ऐकलं तर राँग नंबर म्हणून ठेवायचं नाही, लगेच मले फोन लावायचा. केवलरामजी, हे तुमच्यासाठी होतं.

खरं सांगू का? केवलरामजीनं तुमाले तिघींले ऑटोत बसवलं, म्हणजे तुम्ही, दामिनी अन् छोटी, तेव्हा मी हसून हात केला. ऑटो वळला अन् मले हात खाली घेता येईना. छोटी जन्मल्यापासून माझ्याच मांडीवर होती. माझ्या लुगड्याले अजून दुधाचा वास आहे. मनात आलं होतं, थोडे दिवस अजून राहू द्यावी माझ्याजवळ, दामिनी पूर्ण बरी होईपर्यंत. पण मग मीही माया करून दूरच ठेवत होती म्हणायची. म्हणून दिली. आईजवळची होती, आईजवळ गेली.

बारसं राहिलंच आहे. तुम्ही आल्यावर करू. तुमाले विहिणीचा मान द्यायचा आहे, साडी घेऊन ठेवली आहे. आवडली नाही तर तोंडावर सांगा. तेव्हा थोडं रुसूनही घ्या, राहून गेलं आहे आपलं.

दुपटी अंजनाबाईच्या टोपलीत धाडते, वरच्या बाजूले ठेवायले सांगतलं आहे.

हो, एक राहिलं. आज मी वरणाले फोडणी दिली. मोहरी, जिरं, हिंग, चार पानं गोडलिंबाची. माता निघाली तेव्हापासून आज पहिल्यांदा. तेल कडकडलं, वास घरभर गेला. हे बाहेरच्या खोलीतून पेपर टाकून उठले अन् स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. कढईत डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "झालं का गं पोरीचं सगळं बरं?"

मी म्हटलं, "होऊन राहिलं. बसा, पान वाढते."

तुमची विहीण,
विजया